समीकरणातल्या बाणाला घड्याळ लावा



दहावीच्या विज्ञान भाग १ मधलं कार्बनी संयुगांचं प्रकरण आठवून पाहा. त्यात बहुवारिकांचा तक्ता आहे. एकवारिकाचं नाव, त्यापासून होणारं बहुवारिक आणि त्याचे उपयोग. आपण फळ्यावर इथिलीनचा रेणू काढतो, त्याच्यामागे 'एन' लिहितो, एक बाण ओढतो आणि पलीकडे कंसात तीच साखळी लिहून मोकळे होतो. मुलं उतरवून घेतात. परीक्षेत हे येतं, गुणही मिळतात. फक्त त्या बाणाला किती वेळ लागला, हे वर्गात कुणी विचारत नाही. एक सेकंद? एक तास? की एक दिवस? आणि तो वेळ कशावर ठरतो?

माझं म्हणणं सरळ आहे. बहुवारिकन शिकवताना वेग शिकवला नाही, तर मुलांच्या हाती फक्त नावांची यादी लागते. बारावीला तर आपण हे दोन विषय चांगलेच लांब ठेवले आहेत. रासायनिक गतिकी सहाव्या प्रकरणात, बहुवारिकं पंधराव्यात, आणि मधे आठ प्रकरणं. गतिकी शिकवताना उदाहरणं येतात ती भलतीच, आणि बहुवारिकांपर्यंत पोचेस्तोवर पूर्वपरीक्षा डोक्यावर आलेली असते. मग प्रारंभ, वृद्धी आणि समाप्ती हे तीन टप्पे पाठ करून घेतले जातात. टप्पे पाठ होतात, पण त्यांच्यातली शर्यत दिसत नाही.

हे मी नागोठण्यात बसून लिहितोय म्हणून जास्त टोचतं. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर बहुवारिकनाचा कारखाना उभा आहे. जुनी माणसं त्याला अजून आयपीसीएल म्हणतात, नवी रिलायन्स म्हणतात. उरणकडून आलेला वायू आणि आता दहेजहून वाहिनीने येणारा इथेन इथे तापवून फोडला जातो. त्यातून इथिलीन मिळतं आणि इथिलीनचं पॉलिएथिलीन होतं. दुधाच्या पिशवीत जे मऊ, कमी घनतेचं पॉलिएथिलीन असतं, ते करण्याची पद्धत मुक्त मूलकांचीच असते. हजार ते तीन हजार वातावरणांइतका दाब, दीडशे ते तीनशे अंशांचं तापमान आणि सुरुवात करून द्यायला पेरॉक्साइड किंवा जरासा ऑक्सिजन. एवढं करूनही एका फेरीत साधारण पंधरा ते पस्तीस टक्के इथिलीनच साखळीत जातं. उरलेलं परत फिरवावं लागतं. म्हणजे आपल्या फळ्यावरच्या बाणाने शंभर टक्के काम केलेलंच नसतं!

पण तो कारखाना कुंपणाआड आहे. आतली अभिक्रिया मुलांना दिसायची नाही, आणि तो दाब आपल्या प्रयोगशाळेत आणता यायचा नाही. म्हणून मी सुचवतो की वेग शिकवायला दुसरं उदाहरण घ्या. प्रकाशाने होणारं ॲक्रिलेटचं बहुवारिकन. नाव जड वाटतं, पण वस्तू ओळखीच्या आहेत. दातांचे डॉक्टर किडलेल्या दातात पांढरं सिमेंट भरतात आणि वर निळा लाईट धरतात, ते हेच. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात वाकड्या काचेचा स्क्रीनगार्ड गोंद ओतून बसवतात आणि छोट्या जांभळ्या दिव्याखाली ठेवतात, तेही हेच. लग्नपत्रिकेवरचं चकचकीत यूव्ही कोटिंग आणि मुलींची जेल नेलपॉलिश, सगळं एकाच कुटुंबातलं. (चित्रकलेच्या पेटीतले ॲक्रिलिक रंग मात्र यात धरू नका. त्यांच्यात साखळ्या आधीच तयार असतात, नुसतं पाणी उडून जातं. ते वाळणं झालं. हे घट्ट होणं वेगळं, इथे नवे बंध तयार होतात. हा फरक मुलांना आवर्जून सांगा, कारण दोन्हीला आपण 'सुकलं' असंच म्हणतो.)

आता दाताचंच घ्या. त्या मसाल्यात मेथॅक्रिलेट जातीचे रेणू असतात. प्रत्येकाच्या टोकाला कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध. सोबत काचेसारखी बारीक पूड आणि चिमूटभर एक पिवळा पदार्थ, कॅम्फरक्विनोन. नावातला कॅम्फर म्हणजे आपला कापूर. आरतीच्या ताटातल्या कापराचाच हा रासायनिक भाऊबंद. तो निळा प्रकाश शोषतो, साधारण ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा. निळा शोषतो म्हणून पिवळा दिसतो, हे आठवी-नववीच्या मुलालाही पटतं. प्रकाश शोषला की तो शेजारच्या अमाइनच्या रेणूशी व्यवहार करतो आणि एक मुक्त मूलक तयार होतं, म्हणजे एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू. हे मूलक पहिल्या दुहेरी बंधाला धरतं, तो बंध उघडतो, एकटेपणा पुढच्या टोकाला जातो, ते टोक पुढच्या रेणूला धरतं. अशी साखळी वाढते. साध्या मिथाइल मेथॅक्रिलेटमध्ये खोलीच्या तापमानाला एक जिवंत टोक सेकंदाला काही हजार रेणू जोडू शकतं. ॲक्रिलेटमध्ये हा वेग त्याच्याही कितीतरी पट असतो.

मग सगळा मसाला डोळ्याची पापणी लवायच्या आत का घट्ट होत नाही? कारण जिवंत टोकं फार कमी असतात, आणि दोन टोकं एकमेकांना भेटली की दोन्ही मरतात. खरी गंमत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हे मैदानावर खेळून घ्या. साखळीचा खेळ मुलांना माहीत असतोच. सगळी मुलं मैदानावर विखरून बसतात, ही एकवारिकं. तुम्ही शिट्टी वाजवली की दोन मुलं उठतात, ही मूलकं. प्रत्येक मूलक जवळच्या बसलेल्या मुलाचा हात धरतं. आता तो नवा मुलगा पुढचं टोक. दोन साखळ्यांची टोकं समोरासमोर आली की त्यांनी हात मिळवायचे आणि दोन्ही साखळ्यांनी बाहेर जायचं. शिट्टी ठरावीक अंतराने वाजत राहते. थोड्याच वेळात दिसतं की मैदानावर फिरणाऱ्या टोकांची संख्या साधारण एकसारखी राहते. जेवढी जन्माला येतात तेवढीच मरतात.

आता विचारा, शिट्ट्या दुप्पट केल्या तर टोकं दुप्पट होतील का? बहुतेक मुलं 'हो' म्हणतील. मग हिशेब मांडा. मैदानावर १० टोकं असतील तर भेटी होण्याचं प्रमाण १० गुणिले १०, म्हणजे १०० धरू. टोकं २० झाली तर भेटी २० गुणिले २०, म्हणजे ४००. टोकं दुप्पट, मरणं चौपट. म्हणून २० टोकं टिकवायची तर जन्मही चौपट हवेत. म्हणजे प्रकाश चौपट केला तेव्हा कुठे वेग दुप्पट झाला. प्रकाश दुप्पट केला तर वेग दोनच्या वर्गमूळाइतकाच, साधारण १.४ पट. वर्गमूळ मुलं गणितात शिकतात, पण ते जगात कुठे भेटतं हे त्यांना क्वचितच दाखवलं जातं. इथे ते मैदानावर उभं राहतं. शिवाय जास्त शिट्ट्या म्हणजे जास्त भेटी, म्हणजे प्रत्येक साखळी लवकर संपते. प्रकाश वाढवला की काम लवकर होतं, पण साखळ्या आखूड होतात. घाईची किंमत असते ती अशी.

यावरून एक व्यवहारातला प्रश्न निघतो. डॉक्टरांचा दिवा २० सेकंद धरायचा असेल, तर दुप्पट ताकदीचा दिवा १० सेकंद धरून चालेल का? नुसत्या वर्गमूळाच्या हिशेबाने नाही. साधारण १४ सेकंद लागतील. प्रत्यक्ष मसाल्यात हिशेब इतका काटेकोर राहत नाही, कारण जाळं घट्ट झाल्यावर बरीच टोकं एकमेकांना न भेटता जागच्या जागी अडकून पडतात. पण 'तेवढीच ऊर्जा निम्म्या वेळात ओतली की तेवढंच काम होईल' हे गृहीतक आंधळेपणाने धरता येत नाही, एवढं नक्की.

त्यात खोलीचा प्रश्न आहे. प्रकाश मसाल्यात शिरताना शोषला जातो आणि विखुरतो. समजा प्रत्येक मिलिमीटरला तो निम्मा होतो. मग दोन मिलिमीटर खाली पाव, चार मिलिमीटर खाली सोळावा हिस्सा. म्हणून नेहमीचा मसाला साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि दर थराला पुन्हा दिवा धरतात. खुर्चीत बसून कंटाळलेल्या मुलाला हे माहीत असेल, तर तो तोंड जरा जास्त वेळ उघडं ठेवील असं वाटतं. निदान का ठेवायचं ते तरी कळेल.

पुढचा भाग शिकवायला नागोठण्याइतकी चांगली जागा नाही. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांतला मुंबई-गोवा हायवे डोळ्यांपुढे आणा. वडखळपासून गाड्यांची रांग. बस जागची हलत नाही. पण पाण्याच्या बाटल्या आणि चणे-शेंगदाणे विकणारी पोरं गाड्यांच्या फटींतून सहज पुढे जातात. आता बस म्हणजे वाढती साखळी आणि विकणारी पोरं म्हणजे सुटे एकवारिक रेणू असं धरा. अभिक्रिया पुढे गेली की मसाला दाट होतो. लांब साखळ्या हलेनाशा होतात, म्हणजे दोन टोकांची भेट होणं कठीण. मरणं कमी झाली. पण छोटे रेणू अजून टोकांपर्यंत पोचतायत, म्हणजे वाढ चालूच आहे. परिणाम काय? दाट झाल्यावर वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो! पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉरिश आणि स्मिथ यांनी इंग्लंडमध्ये, आणि ट्रॉम्सडॉर्फ यांनी जर्मनीत, मिथाइल मेथॅक्रिलेटमधल्या या वाढत्या वेगाचा अभ्यास केला. आज या परिणामाला ट्रॉम्सडॉर्फचं नाव लावतात.

मग गर्दी इतकी होते की विकणारी पोरंही अडकतात. तिथे वेग कोसळतो. दाताच्या मसाल्यात सगळे दुहेरी बंध कधीच संपत नाहीत. साधारण ५५ ते ७५ टक्के वापरले जातात आणि बाकीचे जाळ्यात गोठून राहतात. दिवा आणखी पाच मिनिटं धरला म्हणून शंभर टक्के होत नाही. आधी हळू, मग वेगात, मग पुन्हा हळू असा हा आलेख मुलांकडून काढून घ्या. 'अभिक्रिया पूर्ण झाली' हे शब्द आपण किती सहज वापरतो ते त्यावरून लक्षात येतं.

ऑक्सिजनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हवेतला ऑक्सिजन जिवंत टोकाला झटकन चिकटतो आणि जे मूलक तयार होतं ते इतकं सुस्त असतं की पुढे साखळी वाढवतच नाही. आपल्या खेळात काही मुलांच्या गळ्यात 'ऑक्सिजन' अशी पाटी अडकवा. त्यांनी टोकाचा हात धरायचा आणि सोडायचा नाही. मसाल्यात विरघळलेला ऑक्सिजन संपेपर्यंत काम सुरूच होत नाही, म्हणून दिवा लावल्यावर पहिला थोडा वेळ फुकट गेल्यासारखा दिसतो. आणि वरच्या पृष्ठभागावर तर हवा सतत नवा ऑक्सिजन पुरवत असते. म्हणून आतून दगड झालेल्या थराचा वरचा पापुद्रा चिकट राहतो.

गंमत बघा, पॉलिएथिलीनच्या जन्मात याच ऑक्सिजनचं काम उलटं होतं. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाखालच्या इथिलीनच्या प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, पण तो प्रयोग भरवशाने पुन्हा होईना. १९३५ मध्ये पेरिन यांना यश आलं, आणि पुढे उलगडलं की वायूत चुकून आलेल्या किंचित ऑक्सिजनने सुरुवात करून दिली होती. तिथल्या दाबाला आणि तापमानाला ऑक्सिजनपासून मूलकं तयार होतात. दाताच्या तापमानाला तोच ऑक्सिजन मूलकं गिळतो. 'ऑक्सिजन उत्प्रेरक की विरोधक?' असा एका गुणाचा प्रश्न काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पालकांसाठी जे लिहायचं होतं ते इथेच आहे. जेल नेलपॉलिशचा संच आणि की-चेन करायचं यूव्ही रेझिन आता ऑनलाइन कुणीही मागवतं. सातवी-आठवीच्या मुली घरी दिवा लावून नखं करतात. त्या पॉलिशमध्ये बहुधा मेथॅक्रिलेट जातीची एकवारिकं असतात. घट्ट झालेलं जाळं त्वचेला फारसा त्रास देत नाही. घट्ट न झालेलं सुटं एकवारिक देतं. ते त्वचेत शिरून ॲलर्जी जडवू शकतं, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांच्या उपचारात किंवा शरीरावर चिकटवायच्या वैद्यकीय उपकरणांच्या गोंदात तीच रसायनं आली तर तिथेही पंचाईत होऊ शकते. यातल्या हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट या एकवारिकाचा नखांच्या उत्पादनांतला वापर युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने फक्त व्यावसायिकांपुरता मर्यादित केला.

आता वर सांगितलेलं सगळं या संचाला लावा. थर जाड दिला तर खाली प्रकाश पोचत नाही. वरून कडक, खाली ओलं. एका संचाची बाटली आणि दुसऱ्याचा दिवा घेतला तर तरंगलांबी जुळेलच असं नाही, आणि मग दिवा कितीही प्रखर दिसला तरी मूलकं कमीच तयार होणार. 'दिवा भारी आहे, निम्म्या वेळात होईल' हा हिशेब का चुकतो ते आपण पाहिलंच. आणि शेवटी जो चिकट थर पुसतात, ते ऑक्सिजनने अडवलेलं कच्चं एकवारिकच. तो बोटाने चाचपायचा नसतो. 'हात लावू नकोस' एवढंच सांगितलं तर मुलगी हात लावणारच. का लावायचा नाही हे तिला वेगाच्या भाषेत कळलं, तर ती स्वतः थर पातळ देईल, पूर्ण वेळ थांबेल. माझं मत विचाराल तर शाळकरी मुलींनी हे घरी करूच नये. पण घरात संच आलाच असेल, तर निदान त्यामागचं विज्ञान तरी यावं.

याच कारणाने मी शिक्षकांनाही सांगेन, वर्गात यूव्ही रेझिनची बाटली आणून 'बघा कसं घट्ट होतं' असा प्रयोग करू नका. चाळीस मुलांच्या वर्गात कुणाचं बोट कुठे जाईल सांगता येत नाही, आणि पातळ रबरी हातमोज्यांतून ही एकवारिकं काही मिनिटांत आरपार जातात. मैदानावरचा खेळ पुरेसा आहे. जोडीला मुलांना एक काम द्या. दातांच्या डॉक्टरांना किंवा मोबाईलच्या दुकानदाराला विचारून यायचं, दिवा किती सेकंद धरता, थर किती जाड, आणि कमी वेळ धरला तर काय होतं. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, हे आधी बजावा.

'अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?' हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. पण मी नवा धडा मागत नाही. दहावीला तिसऱ्या प्रकरणात अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे घटक आहेतच, आणि नवव्यात बहुवारिकं आहेत. नववं शिकवताना एक तास तिसऱ्याची उजळणी म्हणून घ्या. मैदानावरच. बारावीला पंधराव्या प्रकरणातले तीन टप्पे शिकवताना सहाव्या प्रकरणाची वही उघडायला लावा. प्रत्येक टप्प्याचा दर मुलांनी स्वतः मांडायचा, जन्माचा आणि मरणाचा दर बरोबरीत ठेवायचा, की वर्गमूळ आपोआप बाहेर पडतं. चार ओळींचं काम आहे.

उष्णतेने सुरू होणाऱ्या अभिक्रियेऐवजी प्रकाशाचीच का घ्यायची, असंही कुणी विचारील. कारण उष्णता झटकन बंद करता येत नाही. भांडं गरमच राहतं. प्रकाशाला बटण असतं. दिवा बंद केला की नवे जन्म त्याच क्षणी थांबतात, आणि आधीची टोकं किती वेळ जगतात ते मोजता येतं. शास्त्रज्ञांनी फट पाडलेली चकती दिव्यासमोर फिरवून, प्रकाश भराभर चालू-बंद करून, मूलकाचं आयुष्य असंच मोजलं. ते सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतं. मैदानावरही करून बघा. शिट्ट्या एकदम बंद करा आणि शेवटचं टोक बाहेर जाईपर्यंतचे सेकंद मुलांना मोजायला लावा. मग मैदान निम्मं करून तोच खेळ पुन्हा घ्या, आणि आकडा का बदलला ते त्यांनाच सांगू द्या.